ओरखड्याखाली

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. मी कोणाला पटवायला बसलेली नाही.

पण माझा धाकटा दीर आमच्याकडे का येत नाही, हा प्रश्न ज्यांना पडतो आणि जे तो माझ्या तोंडावर न विचारता पाठीमागे विचारतात, त्यांनी तरी हे शेवटपर्यंत वाचावं.

भुतं रात्रीच येतात असं कोणी सांगितलं कोण जाणे. आमच्याकडे जे झालं ते रविवारी झालं, भर दुपारी. जेवणं उरकली होती. बाल्कनीत कपडे वाळत होते. खालच्या रस्त्यावर कोणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं. असल्या दुपारी झालं.

आधी घरातली माणसं सांगते. आम्ही तिघं. मी, आमचे हे, आणि माझा दीर.

मी कानाच्या दवाखान्यात कामाला आहे. लोकांना ऐकू किती येतं ते तपासायचं. पेशंटला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे. आवाज आला की त्यांनी बटण दाबायचं. दिवसभर हेच. त्यामुळे आवाजाच्या बाबतीत मला कोणी उल्लू बनवू शकत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे कोणीतरी म्हणणारच की बाईला भास झाला.

हे वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानदारांचे काटे, गोदामातले मोठे काटे. घरात जिकडे बघाल तिकडे लोखंडी वजनं. दार आपटू नये म्हणून वजन, कागद उडू नयेत म्हणून वजन.

आणि भाऊजी, म्हणजे माझे दीर, कॉम्प्युटरच्या कंपनीत. सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा भाऊजी चड्डीत शाळेला जायचे. यांनीच त्यांचे डबे भरले, ताप आला की उशाशी बसले, पहिली दाढीही यांनीच करून दिली. आम्हाला मूलबाळ नाही. भाऊ म्हणा, मुलगा म्हणा, यांना सगळं तेच. त्या पोराला ठेच लागली तर यांच्या डोळ्यात पाणी यायचं.

दोघांना वेड एकच. गाणं ऐकायचं.

गाणं म्हणजे तुमच्या-माझ्यासारखं भांडी घासता घासता नाही. दार बंद, पडदे बंद, डोळे बंद. मध्ये कोणी शिंकलं तरी तोंड वाकडं.

तर झालं असं, की जुना सेट बिघडला आणि नवीन काय घ्यायचं यावरून घरात महाभारत सुरू झालं. हे म्हणायचे, चांगल्यातला डिस्क प्लेअर घेऊ. तबकडी घालायची, बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. भाऊजी म्हणायचे, दादा, जग कुठे गेलं आणि तू कुठे बसलायस. सगळ्या डिस्क कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेऊ, कॉम्प्युटर स्पीकरला जोडू आणि तबकड्या टाकू माळ्यावर. हे म्हणायचे, त्याचा पंखा घुं घुं करणार, त्यात काय माती ऐकणार? भाऊजी म्हणायचे, मग तुझी तबकडी काय मुकाट्यानं फिरते?

चहाला तेच, जेवताना तेच. कोणी माघार घेईना. शेजारची बाई जिन्यात मला विचारायची, भावाभावांचं काही वाटणीवरून चाललंय का हो? काय सांगणार कपाळ.

एकदा मी ताट आपटलं आणि म्हटलं, आता एक शब्द काढलात तर एकाचं डोकं फोडीन. दोघंही हसले. माझी जीभ तिखट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हात मात्र मी कधी कोणावर उचलला नाही. झुरळ दिसलं तरी यांना हाक मारते.

शेवटी यांनी कोणाला न विचारता प्लेअर आणलाच. जुना. मोडीत निघालेल्या घरांचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून. धोंड्यासारखा जड. हादऱ्यानं आवाज बिघडू नये म्हणून यांनी त्याच्या डोक्यावर आपलं एक वजन ठेवलं, वर कडी असलेलं. शौकीन लोक असं करतात म्हणे. मी म्हटलं, गाणं ऐकताय की कांदे मोजताय?

प्लेअर दाराजवळच्या फळीवर बसवला. वायर लावली. ट्रे उघडला...

आत आधीच एक तबकडी होती.

वर नाव नाही, काही नाही. घरी रेकॉर्ड केलेली असावी. उलटी करून पाहिली तर खालच्या बाजूला ओरखडा. चुकून पडलेला नव्हता तो. तबकडीच्या गोलाईबरोबर, टोकदार कशानं तरी, दाबून, पुन्हा पुन्हा गिरवलेला. बोटभर लांब.

कोणीतरी तेवढीच जागा खोडून टाकली होती.

यांनी ती लावली. व्हायोलिन. कोणी एक माणूस आपल्या खोलीत एकटाच वाजवत बसलाय. इतकं स्वच्छ, की त्याची खुर्ची करकरलेली कळत होती. तो बुटाच्या टाचेनं फरशीवर ताल धरत होता, तोही ऐकू येत होता. हे डोळे मिटून खूश.

मग ती ओरखड्याची जागा आली...

आवाज दबला. कानात कापूस घातल्यासारखा. एखाद-दोन श्वासांपुरता, बस.

आणि पुढे व्हायोलिन नव्हतंच.

नुसती रिकामी खोली. मग पावलं. मग नळ सोडल्याचा आवाज. बराच वेळ नळ वाहत राहिला आणि रेकॉर्डिंग संपलं.

हे म्हणाले, दमला असेल बिचारा, पाणी प्यायला गेला.

मी तेव्हा बोलले नाही, पण माझ्या कानाला एक गोष्ट खटकली होती. ताल धरणाऱ्याच्या पायात बूट होते. नळाकडे गेलेली पावलं अनवाणी होती. हलकी होती.

भाऊजींना काय, आयतंच निमित्त मिळालं. यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "दादा, तुझा प्लेअर थापा मारतो. ओरखड्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही, म्हणून आजूबाजूचं बघून अंदाजानं भरतो आणि पुढे जातो. कॉम्प्युटर तसं करत नाही. तो ती जागा वाचतो, पुन्हा वाचतो. दोन्ही वेळा हुबेहूब तेच येईपर्यंत तिथून हलत नाही."

हे म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. असू दे की.

पण भाऊजी हट्टाला पेटले. पैज लागली. कॉम्प्युटरनं ओरखड्याखालचं वाचून दाखवलं तर घरात कॉम्प्युटर, नाही तर यांचा प्लेअर. पंच मी. मीही हो म्हटलं. म्हटलं, एकदाची ब्याद तरी जाईल.

तर तो रविवार.

भाऊजींनी सकाळीच तबकडीला टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानं घासून घासून ओरखडा बराच उजळ केला होता. दुपारी ते कॉम्प्युटर घेऊन जमिनीवर बसले, दाराकडे पाठ करून. हे समोर खुर्चीत. मी दारात, चौकटीला टेकून उभी. आत गेलेच नाही, कारण गॅसवर दूध होतं आणि माझं अर्धं लक्ष तिकडे होतं.

मी दारात होते. हे मी पोलिसांना सांगितलं, तुम्हालाही सांगते.

आणखी एक सांगते. स्पीकर कॉम्प्युटरला जोडलेच नव्हते. आधी वाचून घ्यायचं आणि मग ऐकायचं, असं ठरलं होतं. म्हणजे त्या खोलीत आवाज यायला जागाच नव्हती.

वाचायला सुरुवात झाली. स्क्रीनवर आकडा भराभर पुढे चालला होता. ओरखडा आला आणि थांबला.

घर्र... टक.

मागे आला.

घर्र... टक.

भाऊजी खुशीत म्हणाले, बघ, कसा चिकटून बसलाय.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं... फ्रिजचा आवाज येत नाहीये.

मग गाडी धुणाऱ्याच्या पाण्याचा आवाज गेला. वर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता. दवाखान्यातल्या बंद खोलीचं दार लावलं की जसं होतं, तसं झालं. पण तिथे दार मी लावते. इथे कोणी लावलं?

फक्त ते यंत्र ऐकू येत होतं. घर्र... टक.

आणि मग... टाच.

टक, टक, टक. फरशीवर बुटाची टाच. भाऊजी अनवाणी. हे अनवाणी. घरात बूट घालून कोणीच नव्हतं.

हे खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, बंद कर ते. भाऊजींनी मान न वळवता सांगितलं, एकदा वाचून झालंय दादा, आता फक्त जुळायचं बाकी आहे.

टाच थांबली.

घर्र...

ठप्प.

ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज. भाऊजींची मान पुढे फेकली गेली. त्यांनी डोक्यामागे हात लावला, हात समोर धरून पाहिला. कोरडा होता. ते वळले आणि माझ्या दिशेनं बघायला लागले. तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही.

स्क्रीनवर आकडा जागचा हलला नव्हता. जुळलं नव्हतं.

घर्र...

ठप्प.

आता रक्त आलं. केसांतून मानेवर, मानेवरून शर्टाच्या आत. भाऊजी हातांवर पडले आणि रांगत खिडकीकडे जायला लागले. कोणीतरी केस धरून ओढावं तसं त्यांचं डोकं मागे आलं. जिथे होतं तिथेच आलं. त्याच जागी.

यंत्र मागे गेलं. घर्र...

ठप्प.

कान फाटला. दात ओठातून आरपार गेले. कीबोर्डवर रक्ताचा सडा, आणि त्यात एक दात. भाऊजींचे डोळे उघडे होते आणि ते यांच्याकडे बघत होते. लहानपणी ताप आला की बघायचे म्हणे, तसेच. हे ओरडत होते. गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, तोंड उघडं... आणि मला त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता.

घर्र... ठप्प.

घर्र... ठप्प.

थोडं इकडे, थोडं तिकडे. दरवेळी थोडा फरक. जुळत नव्हतं. म्हणून पुन्हा. म्हणून पुन्हा. मला हे समजत होतं, आणि माझे पाय हलत नव्हते. देवाशपथ सांगते, हलत नव्हते. हात कुठे होते ते मला आठवत नाही, पण पाय हलले नाहीत.

हे खुर्ची उलथून पुढे आले. भाऊजींना धरायला गेले आणि धक्का बसल्यासारखे मागे कोलमडले. मग रक्तातून घसरत भिंतीपर्यंत गेले आणि त्यांनी प्लग उपटला.

त्याच्या आधी एक क्षण मी स्क्रीन पाहिली.

आकडा पुढे सरकला होता.

शेवटचे दोन घाव हुबेहूब सारखे बसले होते.

स्क्रीन काळी झाली. आत तबकडी फिरत फिरत मंद होत थांबली. आणि त्या शांततेत मला आवाज आला... नळाचा.

मला वाटलं, रेकॉर्डिंगमधला. पण मशीन तर बंद होतं. तो आमच्याच स्वयंपाकघरातला नळ होता. दूध उतू जाऊन करपल्याचा वास येत होता, फ्रिज गुणगुणत होता, खाली गाडीवर पाणी पडत होतं. जग परत आलं होतं. आणि माझे हात कोपरापर्यंत ओले होते.

हे म्हणतात, नळ त्यांनी सोडला, भाऊजींच्या तोंडावर पाणी मारायला. आणि मला भोवळ येत होती म्हणून माझ्याही हातांवर पाणी ओतलं. म्हणत असतील तर तसंच असेल.

रुग्णवाहिकेत भाऊजींचं डोकं यांच्या मांडीवर होतं. यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "तो स्टुलावर चढून स्पीकर भिंतीला लावत होता. पडला. स्पीकर डोक्यावर आला. कोणी विचारलं तर एवढंच."

मी मान हलवली.

डॉक्टर काही दुधखुळे नव्हते. त्यांनी पोलिसांना बोलावलं. म्हणाले, माणूस पडला तर एकदा लागतं. याला गोल काठाच्या जड वस्तूनं एकाच जागी पुन्हा पुन्हा मारलंय, आणि शेवटचे दोन घाव तर एकावर एक ठसा उमटावा तसे आहेत. माणसाचा हात इतका नेमका पडत नाही.

इन्स्पेक्टर घरी आले. शेजारची बाई होतीच सांगायला. भावाभावांचं रोज कडाक्याचं भांडण व्हायचं, सगळी इमारत ऐकायची. झालं. यांना घेऊन गेले.

तुम्ही विचार करा. ज्याला लेकरासारखं वाढवलं, त्यालाच मारल्याचा आळ. आणि तो तिकडे डोक्याला पट्ट्या गुंडाळून बेशुद्ध. तो गेला असता तर हे जन्मठेपेला गेले असते, आणि मला माहीत आहे, फाशी मागून घेतली असती यांनी. मी कोठडीत भेटायला गेले की हे मला एकच विचारायचे, डोळे उघडले का त्यानं? स्वतःचं काही नाही. स्टुलाचं सांगितलं ते मात्र यांनी सोडलं नाही. मारहाण झाली नसेल असं मी म्हणणार नाही. घरी आले तेव्हा बरेच दिवस नीट बसता येत नव्हतं.

भाऊजींनी डोळे उघडले. एका कानानं आता कायमचं ऐकू येत नाही. ती तपासणी पुढे आमच्याच दवाखान्यात झाली, पण त्यांनी दुसऱ्या बाईकडून करून घेतली. जबाबात म्हणाले, मी स्टुलावरून पडलो. इन्स्पेक्टरनं तीनतीनदा विचारलं. पडलो, पडलो, पडलो. यांना सोडलं.

मला वाटलं, देवानं राखलं. मी डबा घेऊन हॉस्पिटलात गेले. भाऊजी खिडकीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून दुसऱ्या बाजूनं जाऊन खांद्याला हात लावला.

ते इतके दचकले की हातातली सलाईनची सुई निघाली.

मी म्हटलं, भाऊजी, मी आहे.

ते भिंतीला चिकटले होते. फाटक्या ओठांनी हळूहळू बोलले.

"मी दादासाठी खोटं बोललो, वहिनी. तुझ्यासाठी नाही. तू पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस."

मी विचारलं, काय बोलताय तुम्ही.

"पहिल्या फटक्यानंतर मी वळून बघितलं ना. तूच होतीस. हातात वजन होतं. रागावलीही नव्हतीस. नुसती कान देऊन काहीतरी ऐकत होतीस, आणि मारत होतीस."

डबा माझ्या हातून पडला नाही, काही नाही. मी तो टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर मात्र जिन्यात बसून रडले. लोक बघत होते.

मी घरी येऊन फळी पाहिली. प्लेअर होता, वजन नव्हतं. यांना विचारलं तर म्हणाले, दुकानात नेलं. तबकडी तोडून फेकली म्हणाले. कुठे, ते सांगितलं नाही.

भाऊजी आता दुसऱ्या शहरात राहतात. यांना फोन करतात. भाऊजींना आता एकाच कानानं ऐकू येतं म्हणून हे मोठ्यानं बोलतात, आणि मी खोलीत आले की गप्प होतात. घरात गाणं नाही. प्लेअरही नाही आणि कॉम्प्युटरही नाही.

मी यांना कितीदा विचारलं. तुम्ही समोर होतात. तुम्ही पाहिलंत. मी दारातच होते ना? हे म्हणतात, जेव. हे म्हणतात, झालं ते झालं. रागावत नाहीत. उलट पूर्वीपेक्षा जास्त जपतात मला. विळी स्वतः धुऊन वर ठेवतात, भाजीही स्वतःच चिरतात.

मी दवाखान्यात जाते, काम करते, लोकांशी बोलते. मला काही झालेलं नाही. मी माझ्या मनाला समजावते, की भुतानं मारलं म्हटलं असतं तर पोलिसांनी वेड्यात काढलं असतं, म्हणून यांनी स्टुलाची गोष्ट रचली असेल. शहाणा माणूस तेच करेल.

पण भुतासाठी कोणी मार खातं का हो? एवढा जीव लावलेला भाऊ हातातून जातोय हे दिसत असताना कोणी तोंड मिटून बसतं का?

मी दारातच उभी होते. माझे पाय हलले नाहीत.

मग हे कोणाला वाचवायला खोटं बोलले?